बुद्धीचे बीज : भास्कराचार्य

गणिताचे आणि माझे कधी जमले नाही, हे माझ्या वर्गातील मैत्रिणींना चांगले ठाऊक आहे. दहावीला बीजगणितात मी जेमतेम काठावर उत्तीर्ण झाले आणि त्याच दिवशी मनाशी ठरवून टाकले, की यापुढे या विषयाचे तोंड पाहावयाचे नाही. कला शाखेत प्रवेश घेतला, इतिहास विषय निवडला आणि सुटकेचा निःश्वास टाकला. अशा मुलीने वार्षिकांकासाठी एका गणितज्ञाचे चरित्र लिहावयास घ्यावे, याचे तुम्हांला नवल वाटेल. माझे मलाही वाटते. परंतु त्याला कारण तसेच घडले.

आमचे गाव तेरखेडा. धाराशिव जिल्ह्याच्या वाशी तालुक्यातील हे गाव शोभेच्या दारूसाठी, म्हणजे फटाक्यांसाठी, साऱ्या मराठवाड्यात प्रसिद्ध आहे. माझे वडील याच कामात आहेत. धाकटी बहीण नववीत शिकते. मागच्या पावसाळ्यात ती चाचणी परीक्षेत बीजगणितात नापास झाली. तिला विज्ञान शाखेला जाण्याची फार हौस. पण निकाल घरी आला आणि कुजबूज सुरू झाली, की पोरीला गणित झेपत नसेल तर दहावीनंतर पुढे शिकवून तरी काय करावयाचे. थोरलीला झेपले नाही, हिला कोठून झेपणार, असेही कोणी बोलून गेले. ती थोरली म्हणजे मी. ते बोलणे माझ्या मनाला फार लागले.

तिचे अडले होते ते घन बहुपदीचे अवयव पाडण्यात. वर्ग बहुपदीपर्यंत तिचे ठीक चालले होते. मधल्या पदाची फोड करावी, दोन कंस तयार करावेत, झाले. पण क्षचा घन आला, की तिची गाडी थांबे. वहीत रीत लिहिलेली होती : क्षच्या जागी एखादी संख्या घालून पाहावी, बहुपदीची किंमत शून्य आली की एक अवयव सापडला, मग संश्लेषक भागाकार करावा. तिची शंका साधी होती. संख्या घालावयाची ती कोणती, आणि तीच का? शिकविणाऱ्यांनी तिला सांगितले, की रीत आहे ती पाठ कर. काही वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका वर्गात, मलाही अगदी हेच उत्तर मिळाले होते. तेव्हा मी गप्प बसले आणि गणितापासून दूर झाले. बहीण गप्प बसली नाही. ती वही घेऊन माझ्याकडे आली, आणि मला काहीच सांगता येईना.

दुसऱ्या दिवशी मी ही हकिगत इतिहासाच्या आमच्या प्राध्यापकांच्या कानावर घातली. त्यांनी हसून सुचविले, की गणित समजत नसेल तर गणित करणाऱ्या माणसाचे चरित्र वाच. इतिहासाच्या विद्यार्थ्याने त्या दारातून आत जावे. मी ग्रंथालयात गेले आणि भास्कराचार्यांवरील पुस्तके घेऊन बसले. त्या वाचनातून जे भास्कराचार्य मला भेटले, त्यांची ओळख करून देण्याचा हा प्रयत्न आहे.

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला. हे साल त्यांनी स्वतःच आपल्या ग्रंथात नोंदवून ठेवले आहे. प्राचीन ग्रंथकारांच्या बाबतीत असा निश्चित आकडा क्वचितच हाती लागतो. त्यांचे गोत्र शांडिल्य. वडिलांचे नाव महेश्वर. ते स्वतः ज्योतिषशास्त्राचे जाणकार होते आणि भास्कराचार्यांचे गुरूही तेच. सह्य पर्वताच्या परिसरातील विज्जलविड हे आपले गाव, असे भास्कराचार्य सांगतात. हे विज्जलविड कोणते, यावर विद्वानांनी पुष्कळ वाद घातला आहे. कोणी ते विजापूर मानले, कोणी आपल्या मराठवाड्यातील बीड. आज बऱ्याच अभ्यासकांचा कल खानदेशातील चाळीसगावजवळच्या पाटण परिसराकडे आहे. त्याचे कारण पुढे येईलच.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. आमच्या तेरखेड्यावरून जो सोलापूर-धुळे महामार्ग जातो, तो बीडवरून, पुढे देवगिरीच्या पायथ्यावरून, कन्नडचा घाट उतरून चाळीसगावला पोहोचतो. ज्यांच्या ग्रंथांची पाने मी उलटीत होते, त्यांच्या चरित्रातील तीनही ठिकाणे माझ्या घरासमोरच्या एकाच रस्त्यावर आहेत, हे नकाशा पाहिल्यावर लक्षात आले. लहानपणापासून मी तो रस्ता फक्त बाजाराचा आणि एस.टी.चा समजत होते.

भास्कराचार्यांचा काळ शांततेचा नव्हता. ते लहान असताना या भागावर कल्याणीच्या चालुक्यांची सत्ता होती. ती कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, आमच्या उमरग्यापासून जवळच. ते प्रौढ झाले तोवर चालुक्यांची सत्ता खिळखिळी झाली होती. कलचुरी बिज्जलाने कल्याणी घेतली. त्यांच्या उतारवयात देवगिरीचे यादव स्वतंत्रपणे उभे राहिले. राज्ये येत होती, जात होती, आणि हा गृहस्थ ग्रहांच्या गती मोजीत होता आणि अव्यक्त संख्यांचा शोध घेत होता.

वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, इ. स. ११५० मध्ये, त्यांनी सिद्धान्तशिरोमणी हा आपला मुख्य ग्रंथ पूर्ण केला. त्याचे चार भाग आहेत : लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. पहिल्यात अंकगणित आणि क्षेत्रमापन, दुसऱ्यात बीजगणित, तिसऱ्यात ग्रहांचे गणित, आणि चौथ्यात पृथ्वी व आकाश यांच्या गोलाचे विवेचन. ग्रंथ पद्यात आहे. पण नुसते श्लोक देऊन ते थांबले नाहीत. वाचकाला रीतीमागचे कारण कळावे म्हणून त्यांनी त्यावर स्वतःच भाष्य लिहिले. पाठ करणाऱ्यासाठी श्लोक आणि शंका विचारणाऱ्यासाठी भाष्य, अशी ती दुहेरी सोय आहे. माझ्या बहिणीसारख्या विद्यार्थिनी त्या काळीही असल्या पाहिजेत.

लीलावतीची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. मुलीच्या लग्नाचा मुहूर्त साधण्यासाठी घटिकापात्र पाण्यात सोडले, मुलगी कुतूहलाने वाकली, तिच्या अंगावरील मोती पात्रात पडून छिद्र बुजले आणि मुहूर्त टळून गेला. मग बापाने तिचे नाव अजरामर करण्यासाठी हा ग्रंथ रचला. इतिहासाच्या विद्यार्थिनीने येथे थोडे सावध राहिले पाहिजे. भास्कराचार्यांच्या स्वतःच्या लेखनात ही कथा कोठेच नाही. अकबराच्या दरबारातील फैजीने इ. स. १५८७ मध्ये लीलावतीचे फारसी भाषांतर केले. कथा आढळते ती त्यात, म्हणजे मूळ ग्रंथानंतर चारशेहून अधिक वर्षांनी. ती खरी असो वा नसो, ग्रंथातील उदाहरणे मात्र एका चुणचुणीत मुलीला समोर बसवून विचारल्यासारखी आहेत, यात शंका नाही. भुंग्यांचा थवा, पाण्यात बुडणारे कमळ, खांबावरचा मोर आणि बिळाकडे धावणारा साप, अशी ती उदाहरणे. घन करावयाचा झाला, तर ते ९ चा, २७ चा आणि १२५ चा घन विचारतात. आणि तो काढून झाला, की उलट घनमूळ काढावयास लावतात. १२५ चा घन १९,५३,१२५ होतो. विद्यार्थ्याला तेवढी मेहनत ते करावयास लावतात; पण भीती घालीत नाहीत.

आता मूळ मुद्द्याकडे येते. बहिणीचा प्रश्न घेऊन मी बीजगणिताच्या भागापर्यंत आले, तेव्हा माझी अपेक्षा अशी होती, की येथे घन समीकरण सोडविण्याची पक्की रीत मिळेल. वर्ग समीकरणाची तशी रीत तेथे आहे. ती भास्कराचार्यांनी श्रीधराचार्यांच्या नावाने दिली आहे. श्रीधराचार्यांचा बीजगणितावरील ग्रंथ पुढे नष्ट झाला; ती रीत त्यांची होती हे आज आपल्याला कळते, ते भास्कराचार्यांनी त्यांचे नाव घेतले म्हणून. ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ या पूर्वसूरींचे ग्रंथ फार विस्तृत असल्यामुळे आपण त्यांचे सार काढले, हेही ते मोकळेपणाने सांगतात. दुसऱ्याचे श्रेय दुसऱ्याला देण्याचा हा गुण मला फार मोठा वाटला.

वर्ग संपून घनाचा विषय निघतो, तेव्हा मात्र ते एक वेगळीच गोष्ट करतात. नेहमीच्या रीतीने जेथे मूळ निघत नाही, अशा घन किंवा चतुर्घात समीकरणांत गणकाने अव्यक्ताची किंमत आपल्या बुद्धीने शोधावी, असे ते सांगतात. एवढ्या मोठ्या आचार्याने येथे माझी रीत संपते, असे सरळ कबूल केले आहे. मी ते वाक्य दोनतीनदा वाचले. माझ्या विद्यार्थिदशेत कोणत्याही वर्गात ही कबुली माझ्या कानी पडली नव्हती.

त्यापाठोपाठ ते उदाहरण देतात. अशी एक संख्या शोधावयाची, की जिच्या घनात तिची १२ पट मिळविली, तर तिच्या वर्गाची ६ पट अधिक ३५ एवढी बेरीज येते. भास्कराचार्य अव्यक्त संख्येला यावत्-तावत् म्हणतात आणि या हे अक्षर तिची खूण म्हणून वापरतात. घनासाठी याघ, वर्गासाठी याव, साध्या संख्येसाठी रू, म्हणजे रूप. एकापेक्षा अधिक अव्यक्ते असली, तर कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे. समीकरणाच्या दोन्ही बाजू एकीखाली एक मांडावयाच्या. आपण आज क्ष लिहितो; मांडणीचा गाभा तोच.

आता बुद्धी कोठे चालवावयाची? दोन्ही बाजूंतून वर्गाची ६ पट आणि वर ८ वजा करावयाचे. उजवीकडे ३५ मधून ८ गेले, २७ उरले. तो ३ चा घन. डावीकडे उरले संख्येचा घन, उणे तिच्या वर्गाची ६ पट, अधिक तिची १२ पट, उणे ८. आणि हा बरोबर संख्या उणे २ यांचा घन होतो. दोन्हीकडची घनमुळे घेतली, की संख्या उणे २ म्हणजे ३. अर्थात संख्या ५. पडताळा घ्या : ५ चा घन १२५, त्यात ६० मिळविले, १८५. दुसरीकडे २५ ची ६ पट १५०, अधिक ३५, तेही १८५.

ते ८ त्यांना सुचले कसे, याचा विचार करीत मी एक संध्याकाळ घालविली. शेवटी स्वयंपाकघरातून बटाटा आणला आणि सुरीने त्याचा चौकोनी ठोकळा कापला. हा माझा खटाटोप. भास्कराचार्यांच्या ग्रंथात बटाटा नाही, आणि त्यांच्या काळी तो आपल्या देशातही नव्हता. ठोकळ्याची बाजू क्ष समजा. त्याच्या एका कोपऱ्याला भिडणाऱ्या तीन बाजूंवरून २ जाडीची एकेक फळी काढावयाची. प्रत्येक फळी क्ष-वर्गाच्या दुप्पट, तीन मिळून ६ पट. पण दोन फळ्या जेथे मिळतात तेथील पट्टी दोनदा वजा झाली. म्हणून अशा तीन पट्ट्या परत द्यावयाच्या. प्रत्येक पट्टी क्षची ४ पट, तीन मिळून १२ पट. आता कोपऱ्यातील लहान ठोकळा पाहा. तो फळ्यांबरोबर तीनदा गेला आणि पट्ट्यांबरोबर तीनदा परत आला. म्हणून तो एकदा काढून टाकला पाहिजे. तो २ गुणिले २ गुणिले २, म्हणजे ८. उरतो तो लहान ठोकळा क्ष उणे २ बाजूचा. बहीण शेजारी बसून पाहत होती. ८ चा उलगडा होताच तिने माझ्या हातून सुरी काढून घेतली आणि दुसरा बटाटा स्वतः कापला. त्या दिवशी भाजी जरा बारीक तुकड्यांची झाली.

मग आम्ही हेच उदाहरण तिच्या वहीतील रीतीने करून पाहिले. सर्व पदे एका बाजूला आणली : क्ष-घन, उणे ६ क्ष-वर्ग, अधिक १२ क्ष, उणे ३५. उत्तर पूर्णांक असेल, तर ते क्ष प्रत्येक पदाला भागते. म्हणून उरलेल्या ३५ लाही त्याने भाग गेलाच पाहिजे. तिच्या शंकेचे उत्तर हेच होते. क्षच्या जागी वाटेल ती संख्या घालावयाची नाही. ३५ चे विभाजक तेवढे पाहावयाचे : १, ५, ७, ३५, आणि त्यांची ऋण रूपे. येथे ऋण संख्या घातली तर सगळीच पदे ऋण होतात, म्हणून त्या आपोआप बाद. १ घातला तर उणे २८ येतात. ५ घातले तर १२५ उणे १५० अधिक ६० उणे ३५, म्हणजे शून्य. एक अवयव क्ष उणे ५. भागाकार केला, दुसरा अवयव आला क्ष-वर्ग उणे क्ष अधिक ७. याचे पुढे वास्तव अवयव पडत नाहीत, कारण वर्गमूळ काढावयाची वेळ येते ती उणे २७ चे. ऋण संख्या हा कशाचाच वर्ग नसतो, म्हणून तिला मूळ नाही, हे भास्कराचार्यांनीही स्पष्ट सांगितले आहे. तेव्हा त्यांनी एकच उत्तर दिले, त्यात त्यांच्या दृष्टीने काहीच राहून गेले नव्हते.

येथे मला माझी एक चूक कबूल केली पाहिजे. या लेखाच्या पहिल्या खर्ड्यात मी मोठ्या अभिमानाने लिहून टाकले होते, की घन समीकरणाची उकल युरोपच्या चारशे वर्षे आधी आपल्या भास्कराचार्यांनी केली. सरांनी तो मजकूर वाचला आणि समोरच्या उदाहरणातील १२ च्या जागी १३ घालून ते सोडवून आणावयास सांगितले. मी प्रयत्न केला. ८ वजा केले, तरी डावी बाजू घन होईना. एक क्ष शिल्लकच राहिला. भास्कराचार्यांची युक्ती चालते, ती क्षच्या सहगुणकाचा आणि क्ष-वर्गाच्या सहगुणकाचा विशिष्ट मेळ असेल तेव्हाच : ६ च्या वर्गाचा तिसरा भाग १२. तो मेळ नसेल, तर दुसरा मार्ग शोधावा लागतो.

तो मार्ग पुष्कळांनी शोधला. इराणातील उमर खय्याम, ज्यांना आपण रुबायांचे कवी म्हणून ओळखतो, त्यांनी शंकुच्छेदांच्या आकृती काढून घन समीकरणांची उत्तरे मिळविली. ते इ. स. ११३१ मध्ये वारले, तेव्हा भास्कराचार्य १७ वर्षांचे होते. सूत्ररूपाने उकल सापडली ती सोळाव्या शतकात इटलीत, देल फेरो आणि तार्तालिया यांना. कार्दानोने ती इ. स. १५४५ मध्ये ग्रंथात छापली. त्यांची पहिली पायरी काय होती? क्ष-वर्गाच्या सहगुणकाचा तिसरा भाग घेऊन वर्गाचे पद नाहीसे करावयाचे. भास्कराचार्यांनी ६ चा तिसरा भाग २ घेऊन जे केले, तेच. पहिली पायरी तीच होती; पुढचा जिना इटलीत बांधला गेला. चतुर्घाताचे सूत्रही तेथेच फेरारीने दिले. आणि पाचव्या घातापासून पुढे असे सर्वसाधारण सूत्र असूच शकत नाही, हे नॉर्वेच्या आबेलने इ. स. १८२४ मध्ये सिद्ध केले. म्हणजे सूत्रांचीही सीमा आली. ती आली, की गणकाने आपली बुद्धी चालवावी, हे भास्कराचार्यांचे सांगणे पुन्हा समोर उभे राहते.

मी तो अभिमानाचा मजकूर खोडून टाकला. आश्चर्य असे, की तो खोडल्यावर भास्कराचार्य माझ्या मनात लहान न होता मोठे झाले. जे जमले ते त्यांनी दाखविले, जे जमले नाही ते झाकले नाही. घनानंतर ते एक चतुर्घाताचे उदाहरणही देतात. संख्येच्या चतुर्घातातून तिच्या वर्गाची दुप्पट आणि तिची ४०० पट वजा केली, तर ९,९९९ उरतात, संख्या ११. तेथेही दोन्ही बाजू वर्ग होतील असे काय मिळवावे, हे सुचण्यातच सगळी खुबी आहे.

त्यांची इतर कामगिरी थोडक्यात सांगते. ६१ ने गुणलेल्या वर्गात १ मिळवून पुन्हा वर्गच यावा, अशा कूटप्रश्नाची त्यांनी चक्रवाल पद्धतीने उकल केली. त्यातील लहानात लहान संख्या २२,६१,५३,९८० एवढी मोठी निघते. हाच प्रश्न फ्रान्सच्या फर्माने इ. स. १६५७ मध्ये युरोपातील गणितज्ञांपुढे ठेवला होता. चक्रवाल पद्धत त्यांच्या आधीही माहीत होती. तिला पूर्ण रूप त्यांनी दिले. गोलाध्यायात पृथ्वी कशाच्याही आधारावाचून आकाशात आहे, तिच्या ठिकाणी आकर्षणाची शक्ती आहे, आणि तिचा लहानसा भागच आपल्याला दिसत असल्यामुळे ती सपाट भासते, असे त्यांनी मांडले. शून्याने भागलेल्या राशीला त्यांनी खहर हे नाव देऊन ती अनंत मानली. आजचे गणित शून्याने भागणे मान्य करीत नाही. पण त्या प्रश्नाला बगल न देता ते त्याला सामोरे गेले, हे विसरता येत नाही.

इ. स. ११८३ मध्ये, ६९ व्या वर्षी, त्यांनी करणकुतूहल हा पंचांगगणिताचा ग्रंथ लिहिला. त्यांची विद्या त्यांच्या घरात पुढे चालली. पुत्र लक्ष्मीधर याला यादव राजा जैत्रपालाने आपल्या दरबारी पंडितांत अग्रस्थान दिले. नातू चांगदेव हा सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. या चांगदेवाने आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन व्हावे म्हणून पाटण येथे मठ स्थापिला. त्याला निकुंभ वंशातील सोइदेव आणि त्याचा भाऊ हेमाडिदेव यांनी देणग्या दिल्या. पाटणच्या भवानीच्या मंदिरातील शिलालेखात, शके ११२८, म्हणजे इ. स. १२०६-०७ मध्ये, हे सारे कोरून ठेवलेले आहे. भास्कराचार्यांच्या घराण्याची त्रिविक्रमापासून चांगदेवापर्यंतची वंशावळ त्यातूनच आपल्याला मिळते. लेखाचा शेवटचा, देणग्यांचा भाग तर जुन्या मराठीत आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी हा लेख १८६५ च्या सुमारास विद्वानांच्या नजरेस आणला, म्हणून आज आपण हे चरित्र इतक्या खात्रीने सांगू शकतो. एका नातवाने आजोबांच्या पुस्तकांसाठी शाळा काढली, ही गोष्ट मला कोणत्याही राजाच्या विजयस्तंभाहून मोलाची वाटते.

दिवाळीचा हंगाम आटोपल्यावर वडिलांनी एक दिवस काढला आणि आम्ही तिघे त्या महामार्गाने चाळीसगावला गेलो, तेथून पाटणला. भोवती डोंगर, झाडी आणि शांतता. मंदिराच्या परिसरात आम्ही बराच वेळ बसलो. वडिलांनी विचारले, की या माणसाने नेमके काय केले. घन समीकरण त्यांना सांगणे मला जमेना, म्हणून मी त्रैराशिक सांगितले. तीन राशी माहीत असताना चौथी काढण्याची ही रीत भास्कराचार्यांना इतकी महत्त्वाची वाटे, की विष्णूने विश्व व्यापावे तसे तिने बहुतेक सगळे गणित व्यापले आहे, असे ते मानीत. वडील हसले. सोरा, गंधक आणि कोळसा यांचे एका घाणीचे माप माहीत असले, की अडीच घाणींचे माप ते उभ्याउभ्या तोंडी काढतात. तेच त्रैराशिक, हे कळल्यावर ते काही वेळ गप्प राहिले. मग बहिणीकडे पाहून त्यांनी सांगितले, की मग गणित आपल्या घरात आहेच. तुला यावयास हरकत नाही.

सहामाही परीक्षेत ती उत्तीर्ण झाली. गुण काही डोळे दिपविणारे नव्हते; पण घन बहुपदीचे उदाहरण तिने पूर्ण सोडविले होते, आणि घरातील ती कुजबूज बंद झाली. दहावीनंतर ती विज्ञान शाखेला जाईल, असे आता सर्वांनी गृहीत धरले आहे. माझे म्हणाल, तर मी इतिहासाचीच विद्यार्थिनी राहणार. पण संध्याकाळी बहीण वही उघडून बसली, की मीही शेजारी बसते. भास्कराचार्यांच्या मते अव्यक्त गणिताचे खरे बीज म्हणजे बुद्धी. या, का, नी ही अक्षरे तिची मदतनीस. ते बीज मोजक्यांच्याच वाट्याला येते असे मी इतकी वर्षे समजत होते. आमच्या वर्गात आणखी किती जणी तसे समजून या शाखेत आल्या असतील, कोणास ठाऊक. त्यांनी एकदा तरी लीलावती उघडून पाहावी, एवढीच विनंती.

— तृतीय वर्ष, कला (इतिहास)